यंदाचं वाण: गाण्याची बैठक

(समुदाय रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात, रथसप्तमीच्या आधीच्या आठवड्यात प्रसारित झालेलं भाषण)



येत्या रविवारी दुपारी अडीच वाजता शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे, असं आपण गेला आठवडाभर रेडिओवरून सांगतोय. पण ‘बैठक’ म्हटलं की आपल्या कानाला सवय आहे ती बचत गटाच्या बैठकीची. त्यामुळे चौघीपाचजणींनी विचारलं, हजेरीची वही आणायची का? हप्ता त्याच दिवशी भरायचा का? नाही बायांनो. ही बैठक गाण्याची आहे. शास्त्रीय गाण्याची. हप्ता नाही, ठराव नाही, इतिवृत्त नाही. बसायचं आणि ऐकायचं, एवढंच काम.

ही बैठक म्हणजे नेमकं काय, त्यात कोण कोण बसतं, काय गायलं जातं, आणि आपण गटांनी मिळून ती का ठरवली, हे आज सविस्तर सांगायचं आहे. मध्ये एक नाजूक गोष्टही आहे. तीही बोलणार आहोत.

आधी हे ठरलं कसं ते सांगतो. संक्रांत ते रथसप्तमी आपल्याकडे हळदी-कुंकू होतं. घरोघरी वाण लुटतात. प्लास्टिकचा डबा, गाळणी, साबणाची डबी, आरसा. दर वर्षी तेच. फळीवर अशा किती गाळण्या पडून आहेत ते ज्याचं त्यानं मोजावं. या खेपेला मार्गशीर्षातल्या गटांच्या एकत्र सभेत विषय निघाला, की वाणाचे पैसे एकत्र केले तर? सगळ्यांना मिळून एकच वाण लुटता येईल का? कुणी म्हणालं झाडं लावू, कुणी म्हणालं शाळेला पंखे देऊ. एकीनं म्हटलं, झाडं, पंखे सगळं करतोच की आपण. बायकांच्या स्वतःच्या कानामनाला काही मिळतं का कधी? तिथून गाण्याची गोष्ट निघाली.

नऊ गटांतल्या एकशे अठरा बायांनी शंभर शंभर रुपये दिले. अकरा हजार आठशे जमले. गटाच्या बचतीला आणि अंतर्गत कर्जाच्या पैशाला हात लावलेला नाही, हे स्पष्ट सांगतो. दहा हजार कलाकारांचं मानधन, बाराशे येण्याजाण्याचा खर्च, सहाशे चहा आणि तिळगुळाला. हॉल शाळेनं दिला, सतरंज्या मंदिराच्या. हिशोब पुढच्या सभेत वाचून दाखवू.

आता ‘बैठक’ म्हणजे काय ते सांगतो. आपण जत्रेतला ऑर्केस्ट्रा बघितलाय. मोठं स्टेज, रंगीत दिवे, छातीत धडधड होईल असे स्पीकर. बैठक याच्या उलट. ती लहान जागेत होते. गाणारी आणि ऐकणारी समोरासमोर, दहा हातांवर बसतात. तिचा श्वास आपल्याला ऐकू येतो आणि आपली दाद तिला. पूर्वी माईक नव्हते, तेव्हापासून हे गाणं असंच वाड्याच्या दिवाणखान्यात, मंदिराच्या सभामंडपात होत आलं. म्हणून रविवारी लाईट गेली तरी काळजी नाही. शे-दीडशे माणसं शांत बसली तर बिनमाईकचंही शेवटच्या ओळीपर्यंत पोचतं.

आणि आपण राहतो कुठे? आपल्या आसपासचा हा मिरज, कुरुंदवाड, कोल्हापूरचा पट्टा म्हणजे या गाण्याचं माहेरच. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं गुरूच्या घरातून शाळेत आणलं ते त्यांनी. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, पण मिरजेत येऊन राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना गेले, आणि दफन झाले ते मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात. अजूनही दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूरला होते. एवढे मोठे लोक आपल्या एसटीच्या टप्प्यात गाऊन गेले. आणि आपण म्हणतो, हे गाणं आपलं नाही, ते शहरातल्या लोकांचं.

रविवारी समोर गादीवर पाच जण बसलेले दिसतील. एकेकाची ओळख करून देतो.

सगळ्यात मागे दोन तानपुरे. तानपुरा बघितल्यावर पहिल्यांदा त्याचा भोपळा बघा. तो खरोखरचा भोपळा आहे, शेतात पिकवलेला. खायचा नव्हे, कडू जातीचा. पंढरपूर, मंगळवेढा या भागातले शेतकरी तो पिकवतात. वेलावर पूर्ण पिकवून, वाळवून, मग तो मिरजेला येतो. मिरजेत हे काम करणारी घराणी मुळात शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांची दुरुस्ती करणारे, धार लावणारे. राज्यं गेली, लढाया थांबल्या, हत्यारांचं काम संपलं. तेव्हा मिरजेतले फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्याच्या कामाकडे वळले. ही गोष्ट दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची. आज मिरजेचा तानपुरा आणि सतार देशभर जाते. सांगलीच्या हळदीला, बेदाण्याला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसं मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली मिळालं.

तानपुऱ्याला चार तारा. पहिली बहुतेक वेळा पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची पितळेची खर्जाची. तो गाण्याची चाल वाजवत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच चार तारा एकामागून एक छेडत राहायच्या. त्यातून जो सूर भरून राहतो, त्याच्या आधारानं गाणारी गाते. भिंत सरळ यावी म्हणून गवंडी ओळंबा धरतो ना, तसा गाणाऱ्याला तानपुरा. तारेखाली घोडीवर सुताचा एक बारीक धागा सरकवलेला असतो. धागा जागेवर बसला की सूर मधमाशीसारखा गुणगुणायला लागतो. त्याला जवारी म्हणतात.

दोन तानपुऱ्यांपैकी एकावर गायिका ताईंची शिष्या बसेल. दुसऱ्यावर बसणारी मुलगी आपल्याच गावची आहे. अकरावीत शिकते. आठवड्यातून दोन दिवस कॉलेज सुटल्यावर मिरजेला गाणं शिकायला जाते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते. प्रवेशिका पूर्णची परीक्षा पास झालीय. तिच्या आईला पारावर, पाणवठ्यावर, गटातसुद्धा काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आपल्याला माहीत आहे. पोरीला गाणंबजावणं शिकवून काय करणार, उद्या सोयरिकीला अडचण येईल, एवढ्या उशिरा पोर बाहेर. रविवारी तीच पोर मोठ्या कलाकारांच्या मागे तानपुरा धरून बसेल. तिलाही मानधनाचं पाकीट मिळणार आहे. रक्कम लहान आहे. पण कमाई आहे.

गाणारणीच्या उजव्या हाताला तबला. तबल्यात दोन वाद्यं. उजवा लाकडाचा, तो तबला. डावा तांब्या-पितळेचा, तो डग्गा. वरच्या कातड्यावर मध्ये जो काळा गोल दिसतो ती शाई. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचे थरावर थर घोटून ती चढवतात. त्या शाईमुळे तबला नुसता धबधब वाजत नाही, सुरात बोलतो. बाजूला चामड्याच्या वाद्या, त्यात अडकवलेले लाकडाचे गठ्ठे. वादक लहान हातोडीनं ठोकून सूर चढवतो, उतरवतो. सुरुवातीची दहापंधरा मिनिटं ही ठोकाठोक आणि तारा पिळणं चालेल. त्याला साज जुळवणं म्हणतात. तेव्हा ‘अजून सुरू होईना’ म्हणून चुळबुळ करू नका. पेरणीआधी कुळव फिरवायलाच लागतो.

रविवारी तबल्यावर एक तरुण मुलगी आहे. हो, मुलगी. तबला हे पुरुषाचंच काम, असं शहरातसुद्धा फार वर्षं मानत आले. मुंबईच्या पारशी घरातल्या आबान मिस्त्री यांनी तो समज मोडला. जन्म १९४०चा. एकट्यानं तबलावादनाचे कार्यक्रम करणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. २०१२ साली त्या गेल्या. आज खेड्यापाड्यांतल्या मुली तबला शिकतायत त्याच्या मागे अशा बाया आहेत.

डाव्या हाताला हार्मोनियम, म्हणजे आपली भजनातली पेटी. ती वाजवणारे काका निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. पेटीची गंमत सांगतो, कारण तिचा रेडिओशी संबंध आहे. पेटी मूळची परदेशी. तिचे सूर ठरलेल्या पट्ट्यांवर. आपल्या गाण्यात एका सुरातून दुसऱ्यात घसरत जायचं असतं, त्याला मींड म्हणतात, ती पेटीवर येत नाही. या कारणानं आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बंदी केली. ती तीसेक वर्षं टिकली. पण भजनी मंडळांनी आणि गाणाऱ्यांनी पेटी काही सोडली नाही. शेवटी रेडिओलाच तिला आत घ्यावं लागलं.

मधोमध बसतील त्या गायिका ताई. मिरजेत मुलामुलींना गाणं शिकवतात. त्यांना आपण विचारलं, आमच्या बाया हे गाणं पहिल्यांदाच ऐकणार, काही सोपं गाणार का? त्या म्हणाल्या, बायांना कमी समजू नका, मी नेहमी गाते तेच गाईन, फक्त मधेमधे दोन शब्द सांगेन. मानधन त्यांनी स्वतःहून कमी केलं. फुकट गाते म्हणत होत्या. ते मात्र आपण नको म्हटलं. आपल्या कामाला ‘घरचंच तर आहे’ म्हणून पैसे मिळत नाहीत, तेव्हा आपल्याला कसं वाटतं? मग दुसऱ्या बाईचं काम आपण फुकट कसं घ्यायचं?

आता त्या गाणार काय ते ऐका. इथे एक मजेशीर गोष्ट झाली. गाण्याच्या बैठका बहुतेक रात्री होतात. आपल्याला रात्र परवडत नाही. भाकऱ्या, पोरं, म्हातारी माणसं, आणि परत अंधारात घरी जायचं. सकाळ तर नाहीच नाही. मग उरली दुपार. जेवणं उरकल्यानंतर आणि धारांच्या आधी. म्हणून अडीच ते साडेपाच. आपल्या गाण्यात रागांना वेळ असते. भैरव, ललत पहाटेचे. यमन, पूरिया सांजेचे. बागेश्री, मालकंस रात्रीचे. दुपारचे राग गायची संधी फार कमी मिळते, कारण दुपारी बैठका होत नाहीत. ताई म्हणाल्या, बरं झालं, तुमच्यामुळे मला भीमपलास आणि मुलतानी पोटभर गाता येतील. बघा, आपल्या म्हशींच्या धारांच्या वेळेवरून राग ठरले.

भीमपलासात चढताना पाच सूर लागतात आणि उतरताना सातही. वर जाताना ‘रे’ आणि ‘ध’ गाळायचे, येताना घ्यायचे. हे काही पाठ करायची गरज नाही. दुपारी शेतात झाडाखाली अंग टाकल्यावर जी शांतता असते आणि तिच्यात जी थोडी हुरहुर असते, ती भीमपलासात सापडते का, तेवढं बघा.

पहिल्यांदा येईल विलंबित ख्याल. विलंबित म्हणजे सावकाश. एक लहानशी बंदिश, म्हणजे दोनचार ओळींचं पद, आणि त्यावर ताई अर्धा-पाऊण तास गातील. शब्द ब्रज भाषेतले. ते कळले नाहीत म्हणून अडत नाही. शब्दांपेक्षा सुराकडे लक्ष ठेवा. पहिली दहा मिनिटं वाटेल की काहीच घडत नाही. तेव्हा उठू नका. त्या एकेक सूर घेऊन त्याच्यापाशी थांबतात, पुन्हा खाली येतात, मग पुढच्या सुराकडे जातात. दूध आटवताना आपण घाई करतो का? तसंच आहे हे.

तबला एकतालात असेल. बारा मात्रांचं एक आवर्तन. बारा मोजून पुन्हा एकवर येतो, त्या जागेला सम म्हणतात. गाणारी कितीही लांब फिरून आली तरी समेवर बरोबर येऊन पोचते, आणि ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप हलतात. हे आपल्याला शिकवायला नको. झिम्मा खेळताना कितीही गिरक्या घेतल्या तरी टाळी एका ठिकाणीच पडते ना? ती आपली सम. तेवढी एक जागा पकडा, बाकी सगळं आपोआप उलगडत जाईल. त्यानंतर द्रुत ख्याल, म्हणजे जलद. त्यात ताना येतील. मग चहा. चहानंतर मुलतानी. नंतर दोन अभंग, आणि शेवटी भैरवी. भैरवी खरी सकाळची, पण कुठल्याही वेळेची बैठक भैरवीनं संपवायची रीत आहे.

कुणी म्हणेल, आम्ही अडाणी, आम्हाला यातलं काय कळतंय. बायांनो, महाराष्ट्रात गावोगाव फिरून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या. त्या सगळ्या आपल्यासारख्या बायांनी रचलेल्या, गायलेल्या. जात्याच्या घरघरीवर सूर धरून तासभर गाणाऱ्या आयांच्या लेकी आपण. जात्याची ती घरघर म्हणजे त्यांचा तानपुराच होता. आपल्याला कान नाहीत असं कोण म्हणेल?

आता जरा मागच्या बायांबद्दल. शंभर वर्षांपूर्वी चांगल्या घरची म्हणवणारी बाई चारचौघांत गात नसे. गाणं जपलं ते नायकिणी, कलावंतिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायांनी. रात्री त्यांचं गाणं ऐकायचं आणि दिवसा त्यांना नावं ठेवायची, असा समाजाचा न्याय होता.

हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५चा, आपल्या मिरजेचा. अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची ही मुलगी. उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकल्या. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या काही गायिकांपैकी त्या एक. स्थिर बसून त्या गायच्या, आणि त्यांचं बघून घराघरांतल्या आईबापांनी मुलींना गाणं शिकायला परवानगी दिली.

गंगूबाई हनगल १९१३ साली धारवाडला जन्मल्या. हुबळीहून कुंदगोळला रेल्वेनं जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकायच्या. रस्त्यानं जाताना लोक टोमणे मारायचे. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींसमोर त्या गायल्या, तेव्हा जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. त्या वयातही त्यांना धास्ती होती ती गाण्याची नव्हे, तर जातीमुळे जेवणाच्या वेळी आपल्याला कसं वागवतील याची. पुढे त्या पद्मविभूषण झाल्या. एक गोष्ट त्या नेहमी बोलून दाखवायच्या. पुरुष गायला की तो पंडित होतो नाहीतर उस्ताद होतो, आणि बाई कितीही मोठी झाली तरी ती बाईच राहते. म्हणून रविवारी आपल्या निवेदनात गायिका ताईंच्या नावाआधी पंडिता म्हणायचं ठरवलंय. त्या संकोचतील. संकोचू द्या.

केसरबाई केरकर गोव्यातल्या केरी गावच्या. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली, त्यात पृथ्वीवरचे आवाज भरलेली तबकडी ठेवली. त्या तबकडीत भारतातून एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. सूर्यमालेच्या पलीकडे गोव्याच्या एका खेड्यातल्या बाईचा आवाज निघालाय.

आणि मोगूबाई कुर्डीकर. त्यांचं कुर्डी गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. त्यांची आई त्या लहान असतानाच गेली. नाटक कंपनीत कामं करत वाढल्या. सांगलीला असताना अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचा रियाज ऐकला आणि शिकवायला सुरुवात केली. पुढे नवरा गेला. पदरात तीन लहान मुलं. मोगूबाईंनी गाण्याच्या शिकवण्या आणि बैठका करून ती वाढवली. मोठी मुलगी म्हणजे किशोरी आमोणकर. आईबरोबर बैठकीला जाताना आईला आयोजक कसं वागवतात ते किशोरीताईंनी लहानपणी पाहिलं होतं. कमी पैसे, खालच्या दर्जाचा प्रवास, कुठेतरी राहण्याची सोय. मोठ्या झाल्यावर त्यांनी मान आणि शिस्त यात कधी तडजोड केली नाही. लोक त्यांना तापट म्हणायचे. आईचं सोसणं पाहिलेल्या लेकीला आणखी काय म्हणणार?

मोगूबाईंची गोष्ट सांगायचं कारण, आता ती नाजूक गोष्ट येते.

आपले गट अकरा. पैसे दिले नऊ गटांनी. दोन गट थांबले. कारण पैशाचं नाही. कारण समईचं आहे. बैठकीची समई कोण लावणार, यावर सभेत बोलणं झालं. बहुतेकींनी आपल्यातल्या सगळ्यात थोरल्या आजींचं नाव घेतलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गावातल्या निम्म्या ओव्या त्यांच्या तोंडून आलेल्या. पण त्यांचे मालक त्या तिशीत असतानाच गेले. तेव्हा दोन गटांतल्या बहिणी म्हणाल्या, संक्रांतीच्या वाणाचं काम, सवाष्णीच्याच हातून व्हावं. आजी स्वतःच म्हणाल्या, मला मागे बसवा, मला चालतंय.

त्या दोन गटांतल्या बहिणींना आम्ही रागानं काही सांगत नाही. तुम्ही आमच्याच आहात. तुमच्या मनात भीती आहे, काही वाईट होईल का, सासरचे काय म्हणतील. पण जरा विचार करा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढून सांगितलं, की हेरवाडसारखं करा. हे गाव लांबचं नाही. आपल्यातल्या कितीजणींचं माहेर त्या बाजूला आहे. आपल्या ग्रामपंचायतीनंही तो कागद वाचलाय. कागद फाईलला लागला, समईपर्यंत अजून आला नाही.

आपल्या गटांत नवरा गेलेल्या किती बाया आहेत ते मोजा. हप्ता त्या सगळ्यात वेळेवर भरतात. कर्जाला जामीन राहायची वेळ आली की त्यांच्याच दारात जातो आपण. मग वाणाच्या वेळी त्या मागे का? या हळदी-कुंकवाच्या दिवसांत त्या दाराला कडी लावून घरात बसतात, ते आपण दर वर्षी बघतो. बघूनही पुढच्या दारात जातो.

गाणं ऐकायला कपाळावर काही असावं लागत नाही. म्हणून रविवारी हॉलच्या दारात हळदीकुंकवाचं ताट नसेल. तिळगूळ आणि एक फूल. प्रत्येकीला तेच. सवाष्ण, विधवा, टाकलेली, न लग्न झालेली, सगळ्यांना सारखंच. समई आजीच लावतील. सभेत बहुमतानं ठरलंय, आणि आजींनाही परवा राजी केलंय. त्या दोन गटांतल्या बहिणींनो, शंभर रुपये दिले नाहीत म्हणून संकोचू नका. तुमच्यासाठी सतरंजी अंथरलेली असेल. समई लावताना थांबायचं नसेल तर पाच मिनिटं उशिरा या. पण या. आलात तर आम्हाला आनंद होईल. नाही आलात तरी पुढच्या सोमवारी बचतीला भेटूच.

आता थोड्या कामाच्या सूचना.

सव्वादोनपर्यंत येऊन बसा. साज जुळवणंसुद्धा बघण्यासारखं असतं. पुढच्या ओळी वयस्कर बायांच्या, भिंतीकडेनं खुर्च्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी तिथे बसा. लेकरं आणायला हरकत नाही. रडायला लागलं तर मागच्या दारानं व्हरांड्यात घेऊन जा, तिथेही ऐकू येतं. मोबाईल बंद ठेवा. नुसता आवाज बंद नको, पूर्ण बंद. रेकॉर्डिंग आपला रेडिओ करतोय, ताईंच्या परवानगीनं. ते नंतर ऐकवू.

तानपुरा जमिनीवर ठेवलेला असेल तर त्याला ओलांडू नका, पाय लावू नका. पोरांनाही सांगा. शेवटी जवळ जाऊन बघता येईल, ताई तार छेडूनही दाखवणार आहेत.

दाद द्यायला लाजू नका. मनाला लागलं तर मान हलवा, ‘वा’ म्हणा. भजनात म्हणतोच की. शांत डोळे मिटून ऐकलंत तरी चालेल. एखादीला झोप लागली तरी कुणी हसायचं नाही. दिवसभर राबलेल्या बाईला सुरावर झोप लागणं हीसुद्धा दादच आहे. चहाच्या वेळी ताईंना विचारा, काय वाटेल ते विचारा. त्यांनीच सांगितलंय, प्रश्न हवेत.

पुरुष मंडळींनीही यावं. जागा मागच्या बाजूला. चहा तरुण मंडळाची पोरं करणार आहेत, कप विसळणंही त्यांच्याकडेच. तेव्हा बायांनो, कुणी सवयीनं उठून स्वयंपाकघराकडे जायचं नाही. बसायचं.

वाड्या-वस्त्यांवरच्या बायांना आणायला दोन गाड्या दीड वाजता निघतील. जायचं असेल त्यांनी आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे उद्यापर्यंत नाव द्या. साडेपाचला त्याच गाड्या परत सोडतील. अंधार व्हायच्या आत प्रत्येकजण घरी.

आणि आसपासच्या गावांतल्या ज्या बहिणी हे ऐकतायत, त्यांनाही सांगतो. हे फार अवघड नाही. शंभर-सव्वाशे बाया, एक हॉल, सतरंज्या आणि आपल्या वेळेला येणारे कलाकार. जवळच्या शहरात गाणं शिकवणारं कुणी ना कुणी असतंच. विचारा. मानधन ठरवून द्या. पुढच्या वर्षी तुमच्या गावात बैठक झाली तर आम्ही ऐकायला येऊ, आणि गाडीभाडं आमचं आम्ही भरू.

रविवार, दुपारी अडीच, शाळेचा हॉल. वाण घ्यायला या.